तीन ठिपके, एक रेघ

लॉजच्या मॅनेजरला लोक नोकरीभर दोनच प्रश्न विचारतात. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, हा पहिला. दुसरा ते आवाज खाली आणून विचारतात, आणि त्याचं उत्तर मी एकतीस वर्षं 'नाही' असंच देत आलो. निवृत्त झाल्यापासून तिसरा प्रश्न सुरू झालाय: एवढा चालता लॉज बंद कसा पडला? मी उत्तर द्यायला बसतो. मालकापासून सुरुवात करतो, फार्महाऊसवर जातो आणि दरवेळी फिरून किसनरावांच्या लाँड्रीपाशी येऊन अडकतो. ऐकणारा तोवर उठून गेलेला असतो. वाचणाऱ्याला तसं उठता येत नाही असं नाही, पण निदान मला ते दिसणार नाही.

आमचा लॉज नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर होता. बावीस खोल्या, तीन मजले, लिफ्ट नाही. गिऱ्हाईक म्हणजे बियाणांच्या कंपन्यांचे अधिकारी, त्यांचे गुजरातेतले नि आंध्रातले विक्रेते, सळईचे व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेले दोन्ही बाजूंचे लोक. दोन्ही बाजूंना मी वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवायचो. माझे वडील परतूरच्या मोंढ्यात हमाली करायचे. खुर्चीत बसून पगार घेणारा आमच्या घरातला मी पहिला. त्या खुर्चीला एक हात नव्हता, पण ती खुर्ची होती, आणि वडील एकदा ती बघायला परतूरहून आले होते.

बाहेरच्या माणसाला लॉजचा धंदा समजावून सांगायचा तर आम्ही काय देत नव्हतो ते सांगावं लागेल. आम्ही खोली द्यायचो, खाट, गादी, दोन चादरी, एक टॉवेल, साबणाची छोटी वडी आणि बादलीभर गरम पाणी. चहा नाही, नाश्ता नाही, पेपर नाही. त्यामुळे सकाळी पाहुणा जिना उतरला की त्याला सगळ्याच गोष्टी बाहेर शोधाव्या लागायच्या. समोर चहा, शेजारी पोहे, कोपऱ्यावर दाढी, त्याच्या पलीकडे झेरॉक्स, मग रिक्षा. संध्याकाळी जेवण, पान, आणि घरच्यांसाठी काहीतरी न्यायचं म्हणून एखादं लुगडं. मला तेव्हा याची लाज वाटायची. मोठ्या शहरातल्या हॉटेलांत खोलीतच चहा येतो असं पाहुणे सांगायचे तेव्हा मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसायचो. आमच्याकडे काही मिळत नाही म्हणून अर्ध्या गल्लीची चूल पेटते, हे गल्ली ओस पडल्यावर माझ्या ध्यानात आलं.

त्या गल्लीतला नसूनही लॉजवर जगणारा एक माणूस म्हणजे किसनराव परीट. त्यांची लाँड्री मस्तगडला. रोज सकाळी ते आधी सायकलवर आणि नंतर एका जुन्या स्कूटरवर धुतलेलं गठुडं घेऊन यायचे आणि मळलेलं घेऊन जायचे. लाँड्रीच्या मागच्या अंगणात त्यांची भट्टी होती. चादरी भट्टीत उकळायच्या, आपटायच्या, नीळ घालायची, वाळवून इस्त्री करायची. त्यांच्याकडे पाच-सहा लॉजांचे नि दवाखान्यांचे कपडे यायचे आणि पांढरी चादर सगळ्यांची सारखीच. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण ठरलेली असायची. बिब्ब्याला सुईनं टोचून त्याच्या रसानं चादरीच्या कोपऱ्यावर ती खूण काढायची, वर चुना लावायचा. रंग काळाकुट्ट आणि कायमचा. आमच्या लॉजची खूण तीन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ अशी होती. एकतीस वर्षांत आमची एक चादर दुसरीकडे गेली नाही की दुसऱ्याची आमच्याकडे आली नाही. माझे स्वतःचे सदरेही लॉजच्याच गठुड्यात जायचे आणि तीच खूण घेऊन यायचे.

किसनराव कसे होते हे एका प्रसंगावरून सांगतो. एका बियाणे कंपनीचे तपासणी अधिकारी आमच्याकडे आठवडाभर मुक्कामाला होते. त्यांनी कपाशीचं शंभर बी मोजून आमच्या टॉवेलात ओळीनं मांडलं, टॉवेल भिजवून गुंडाळला आणि न्हाणीत उभा करून ठेवला. बी किती उगवतं ते असं बघतात. मला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी ते परतूरला गेले आणि सफाईवाल्या बाईंनी ओला टॉवेल दिसला म्हणून गठुड्यात टाकला. संध्याकाळी साहेब आले, न्हाणीत गेले आणि असे ओरडले की कोर्टाच्या तारखेवाले दोन्ही पक्ष एकाच वेळी जिन्यात आले. साहेबांची सगळी मेहनत भट्टीत गेली असं आम्ही धरून चाललो. मी त्यांना रिक्षात घालून मस्तगडला नेलं. किसनराव इस्त्री करत होते. त्यांनी फळीवरून एक वर्तमानपत्र काढलं. त्यात कोंब आलेलं बी एका बाजूला, न आलेलं दुसऱ्या बाजूला.

"सत्त्याऐंशी उगवलंय, तेरा मेलंय," ते म्हणाले. "मी दोनदा मोजलं. तुमच्या लॉजात शेती बी करून राह्यले का मॅनेजर?"

साहेबांनी आकडा तिथेच वहीत लिहून घेतला. ते बी पुढं पास झालं की नापास ते मला माहीत नाही. पण त्या साहेबांनी नंतर प्रत्येक मुक्कामाला स्वतःचे कपडे किसनरावांकडेच टाकले.

मग फार्महाऊसं आली. आधी कोणी तरी शहराबाहेरच्या शेतात दोन खोल्या आणि एक पोहायचा हौद बांधला. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस लोक कॅलेंडरवर मांडून ठेवतात, त्यामुळे हौद बघायला गर्दी झाली. वर्षभरात तशी बरीच झाली आणि त्यांना व्हिला म्हणायला लागले. कंपन्यांच्या विक्रेत्यांच्या बैठका तिकडे व्हायला लागल्या. पाहुणा स्टेशनवर उतरेनासा झाला. तो गाडीनं थेट तिकडे जायचा आणि तिकडूनच परत. आमच्या बावीसपैकी आठ खोल्या भरायला लागल्या, मग पाच. त्या पाचांतला एक माणूस कोर्टाची तारीख संपेपर्यंतच होता.

थोरले शेठ गेल्यावर धाकट्या शेठनी लॉज बंद केला आणि तिथे गाळे काढले. हे शेठ काही वाईट माणूस नव्हते. मला अरे-तुरे कधी केलं नाही, 'काका' म्हणायचे. बारा किलोमीटरवर त्यांची जमीन होती, तिथे त्यांनीही व्हिला बांधला आणि मला म्हणाले, "काका, तुम्हीच सांभाळा. दोन वर्षं तरी." मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. घराचे हप्ते राहिले होते. मी हो म्हणालो.

व्हिलाचा धंदा लॉजच्या बरोबर उलटा. तिथे सगळंच द्यायचं असतं. चहा, नाश्ता, जेवण, कॅरम, टेबल टेनिस, मोठा टीव्ही, रात्री अंगणात शेकोटी. पाहुणा फाटकातून आत आला की परत जाईपर्यंत बाहेर पडत नाही आणि बाहेर पडायचं त्याला काही कारणही नसतं. खरं ते सांगायचं तर व्हिलाशेजारच्या गावाचा फायदा झाला. चार बायकांना स्वयंपाकाचं बारमाही काम लागलं, दोन माळी लागले, अंडी नि दूध गावातून जायचं. रोजंदारीला जालन्याला जाणाऱ्या बायका आता घरून चालत कामावर येत होत्या. त्या बायकांसमोर मी व्हिलाला नावं ठेवली असती तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. पण स्टेशनजवळचा पोहेवाला याच काळात हातगाडी विकून मुलाकडे गेला, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच वेळी झालं.

मला नवं काम जमायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं पहाटे पाच वाजता एका कुटुंबाचं दार वाजवलं आणि "गाडी कुठली आहे?" असं विचारलं. लॉजवर माझ्यामुळे कधी कोणाची गाडी चुकली नव्हती, याचा मला फार अभिमान होता. त्या गृहस्थांनी डोळे चोळत अंगणातली स्वतःची गाडी दाखवली आणि दार लावून घेतलं.

व्हिलात कपडे धुवायचं मशीनही होतं. परदेशी होतं आणि फार हुशार होतं असं सांगायचे. पण पाणी बोअरचं, खारं. महिन्याभरात नव्याकोऱ्या चादरी राखेच्या रंगाच्या झाल्या. मी शेठना किसनरावांचं नाव सुचवलं. हे सुचवताना मनात चादरी कमी आणि किसनराव जास्त होते, हे कबूल करतो. लॉज गेल्यापासून त्यांची भट्टी दिवसाआड पेटत होती, मग आठवड्यातून दोनदा. भट्टी पेटवायची तर भरपूर कपडे लागतात. थोड्यासाठी पेटवली तर लाकूडसुद्धा निघत नाही. मुलगा आणि सून दोघंही त्याच कामात होते. शेठ म्हणाले, "एक महिना बघू."

किसनराव पहिलं गठुडं न्यायला आले तेव्हा व्हरांड्यात चादर उलगडून त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

"मॅनेजर, हे काम राह्यलं तर भट्टी राह्यती," ते म्हणाले. "न्हाई तर मंग आमची इस्त्रीची टपरीच. महिना कसा बी बराबर काढायचा."

"निघेल," मी म्हणालो.

"ह्या चादरींना खूण करू का? लई पांढऱ्या हायेत ह्या. कोऱ्या ठिवल्या तर?"

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण एकतीस वर्षं ज्या माणसानं खुणेशिवाय चादर हातात धरली नाही तो काय थांबणार? "करा की," मी म्हणालो. "तुमच्याकडे दवाखान्याच्या चादरी येतात. त्यात मिसळल्या तर मी कुठून भरून देऊ?"

"लॉजचीच करू?"

"लॉजचीच. आणि चादरी मोठ्या आहेत, दोन कोपऱ्यांना करा."

त्यांनी अठ्ठेचाळीस चादरींना दोन-दोन कोपऱ्यांवर तीन ठिपके आणि एक रेघ काढली. चादरी आल्या तेव्हा अशा शुभ्र होत्या की स्वयंपाकाच्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. मी स्वतः त्या मोजून कपाटात लावल्या. ओळखीची खूण बघून मला बरं वाटलं. आपलं काहीतरी इथे आलं असं वाटलं.

पुण्याहून एक कुटुंब आलं. त्यातल्या बाईंना उशाशी ते ठिपके दिसले. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कौतुकानं सगळा इतिहास सांगितला असता. त्यांनी फोटो काढला, आणि घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलं की चादरीवर ढेकूण चिरडल्याचे डाग आहेत. सोबत फोटो. मोठा केल्यावर एकेक ठिपका लिंबाएवढा दिसत होता. पुढच्या दोन्ही शनिवार-रविवारची आरक्षणं रद्द झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ फोन हातात धरूनच आले. नेमके किसनराव धुतलेलं गठुडं घेऊन व्हरांड्यात उभे होते. स्वयंपाकाच्या बायका दारात. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन खांबापाशी.

"हे काय आहे?" शेठनी फोन पुढे केला.

किसनरावांनी नीट वाकून बघितलं. "खूण हाय शेठ."

"धुतल्यावर जाईल?"

"बिब्बा हाय त्यो," किसनराव म्हणाले. "चादर फाटल, पण खूण बिलकुल जायची न्हाई." हे त्यांनी आपल्या मालाची तारीफ म्हणूनच सांगितलं.

शेठनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "कोणी सांगितली करायला?"

किसनरावांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ते खाली बसून आणलेल्या गठुड्याची गाठ सोडायला लागले. सोडली, परत बांधली. परत सोडली. मी किल्ल्या बघत होतो. त्यांत कोठीची किल्ली कुठली ते मी शोधत होतो, जिची त्या वेळी कोणालाही गरज नव्हती.

"सवय हाय शेठ," किसनराव शेवटी म्हणाले. "हातानं होऊन गेलं."

शेठ माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही तर चादरी मोजून घेता. तुम्हाला दिसलं नाही?"

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अगदी स्पष्ट आठवतं. नोकरी वाचली, एवढंच वाटलं. बाकीचं संध्याकाळी वाटायला लागलं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

शेठनी किसनरावांचे झालेल्या कामाचे पैसे तिथल्या तिथे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नव्या चादरी आल्या. त्या धुवायला संभाजीनगरहून टेम्पो यायला लागला; प्रत्येक चादर प्लास्टिकच्या पिशवीत, कोरी. खुणेच्या चादरी नोकरांत वाटून टाकल्या. माझ्या वाट्याला चार आल्या. मी त्या घेतल्या. चांगल्या होत्या, म्हणून घेतल्या. आमच्या हिनं अंथरल्या की मी उशी त्या कोपऱ्यावर ठेवायचो, पण झोपेत उशी सरकायची.

पुढे मी दोन वर्षं तिथे काम केलं. हप्ते फिटले. शेठनी शाल घालून निरोप दिला आणि 'आमच्या व्हिलाचा भरवसा म्हणजे साळवेकाका' असं भाषणात म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्या दोन वर्षांत मी मस्तगडला जायचं झालं तर मागच्या गल्लीनं जायचो. किसनरावांची भट्टी बंद झाली हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मुलगा एका सळईच्या कारखान्यात लागला, सून घरोघरी इस्त्रीचे कपडे गोळा करते, हेही दुसऱ्यांकडूनच.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या आधी हिनं माझा लॉज बंद झाल्यावर शिवलेला पांढरा सदरा काढला. पेटीत राहून तो पिवळा पडला होता. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात. पिवळा सदरा उठून दिसतो. ही म्हणाली, "किसनरावाकडं टाका. त्याच्यासारखी नीळ कुणाची न्हाई." मी म्हणालो, त्यांनी धुणं बंद केलंय. ती म्हणाली, "तुम्हाला न्हाई म्हणायचा न्हाई त्यो." अडचण तीच तर होती.

मी गेलो. दुकान अर्धं झालं होतं. अर्ध्यात मोबाइलचं रिचार्ज. किसनराव इस्त्री करत होते. त्यांनी माझ्याकडे बघून, जणू मी कालच गठुडं देऊन गेलोय अशा सुरात, "या मॅनेजर" म्हटलं आणि स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून उठलो असतो.

"किसनराव, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही बोलला असता तर दोघं बी गेलो असतो. एक जण तरी राह्यला. बराबर झालं."

"बराबर नाही झालं."

त्यांनी माझ्या हातातला सदरा घेतला. "न्हाई झालं," ते म्हणाले. "तुम्ही बोलाल म्हणून मी गठुड्याची गाठ दोनदा सोडली. येळ काढला तुमच्यासाठी. मंग म्हटलं, जाऊ द्या, मॅनेजरला किल्ली सापडून न्हाई राह्यली."

मला रडू आलं. दुकानात रिचार्जवाला होता, तरी आलं. किसनराव सदऱ्याची घडी उलगडून पिवळेपणा बघत होते. माझं आटोपेपर्यंत ते तेच बघत राहिले.

"निघल हे," ते म्हणाले. "घरच्या घरी टाकतो पाण्यात. चार घरचे पांढरे कपडे आल्तेत, त्यात मिसळायला नको. खूण कोणती करू?"

"माझी कुठली खूण? माझे कपडे लॉजच्याच गठुड्यात असायचे."

"मंग लॉजचीच करतो. तवापास्नं रिकामी पडून हाय. दुसऱ्या कोणाला दिली न्हाई."

त्यांनी फळीवरून बिब्बा घेतला, सुईनं टोचला आणि कॉलरच्या आतल्या बाजूला तीन ठिपके आणि एक रेघ काढली. हात पूर्वीसारखाच स्थिर होता.

पौर्णिमेला सदरा घालून विहारात गेलो. नीळ अशी बसली होती की आमच्या कॉलनीतल्या दोघांनी कुठे धुतला म्हणून विचारलं. मी पत्ता दिला. वंदनेला वाकलो तेव्हा कॉलर उलटी झाली असावी. मागे आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाले, "साळवे, सदऱ्याला काहीतरी काळं लागलंय."

"ती खूण आहे," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच झाला. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले. "मीच सांगितली करायला."